फ्लॉपनंतर आधी बोलावं लागतं तेव्हा: आउट ऑफ पोझिशन कसं खेळायचं

होल्डेम पोकरमध्ये फ्लॉप (टेबलावर उघडे पडणारे पहिले तीन पत्ते) पडला की बटनच्या (डीलरच्या जागेच्या) डावीकडे जो पहिला माणूस अजून खेळात आहे तो आधी बोलतो आणि बटनवाला सगळ्यात शेवटी, आणि हे टर्न-रिव्हरला (चौथ्या आणि पाचव्या पत्त्याला) पण तसंच राहतं, मध्ये बदलत नाही. म्हणजे स्मॉल ब्लाइंडमध्ये (बटनच्या डावीकडची पहिली जागा, जिथे छोटी सक्तीची रक्कम आधीच टाकावी लागते) बसून कॉल केलात (समोरच्याएवढे पैसे लावलेत) की तीनही वेळा तुम्हीच आधी, म्हणजेच आउट ऑफ पोझिशन. बिग ब्लाइंडचं (त्याच्या पुढची जागा, मोठी सक्तीची रक्कम) पण जवळपास तेच. दोघंच खेळत असाल तर बटनवालाच स्मॉल ब्लाइंड टाकतो, तो प्रीफ्लॉप (फ्लॉप पडण्यापूर्वी) आधी बोलतो पण फ्लॉपपासून पुढे शेवटी, त्यामुळे बिग ब्लाइंडवाला सतत आउट ऑफ पोझिशन. आणि अर्ली पोझिशनमधून (प्रीफ्लॉप आधी बोलणाऱ्या जागांवरून) रेझ केलंत (रक्कम वाढवलीत) आणि मागून कटऑफ (बटनच्या लगेच आधीची जागा) किंवा बटनने कॉल केला तर रेझ तुमचा असूनही तुम्ही आउट ऑफ पोझिशनच, हे बरेच जण विसरतात.

आता यात तोटा नक्की काय होतो? सगळे म्हणतात माहिती कमी मिळते, ते खरंच आहे, पण खरा मार बसतो तो दुसरीकडे. समोरच्याला फुकट पत्ता बघायचा असेल तर तो मागून चेक करून (पैसे न लावता) घेतो, तुम्हाला हवा असेल तर त्याची परवानगी लागते. त्याला पॉट (मध्ये जमलेले पैसे) छोटा ठेवायचा असेल तर तो ठेवू शकतो, तुम्ही चेक केलंत तरी तो बेट मारून मोठा करू शकतो. आणि तुमच्याकडे भारी हात असेल तेव्हा तुम्ही चेक-रेझची (आधी चेक, त्याने बेट मारली की रेझ) वाट बघत बसता आणि तो खुशाल मागून चेक करतो, एक स्ट्रीटची (बेटिंगच्या एका फेरीची) व्हॅल्यू (भारी हाताला मिळणारे पैसे) गेली. म्हणून कागदावर तुमच्या हाताची इक्विटी (शेवटपर्यंत गेलात तर जिंकायची शक्यता) ३५ टक्के दिसत असली तरी पॉटचा ३५ टक्के वाटा तुमच्या पदरात पडत नाही, कारण रिव्हरपर्यंत पोचायच्या आधीच बऱ्याच वेळा फोल्ड करावं (हात सोडून द्यावं) लागतं.

त्यामुळे पहिल्यांदा अपेक्षा नीट करून घ्या. बिग ब्लाइंडमध्ये दर वेळी फोल्ड केलंत तर १०० हातांमागे १०० बिग ब्लाइंड जातात (पुढचे सगळे आकडे याच मापात), हिशोब सरळ आहे. तुम्ही कॉल करून, डिफेंड करून हे नुकसान ४० वर आणलंत तर तुम्ही चांगलं खेळताय, जरी ट्रॅकरमध्ये (हातांचा हिशोब ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) तो आकडा लालच दिसत असला तरी. ब्लाइंडमधून नफा काढायच्या नादात लोक वाट्टेल ते हिरो कॉल (कमजोर हाताने मोठ्या बेटला कॉल) करतात आणि मग पोझिशनला शिव्या घालतात.

प्रीफ्लॉपबद्दल थोडक्यात, कारण अर्धं दुखणं तिथलंच असतं. बटनने २.५ ब्लाइंडचा रेझ केला, स्मॉल ब्लाइंड पडला, तुम्हाला अजून १.५ टाकायचे आहेत आणि पॉटमध्ये आधीच ४ आहेत, म्हणजे साधारण २७ टक्के इक्विटी पुरते असं दिसतं. पण वर म्हटलं तसं इक्विटी सगळी हातात येत नाही आणि रेक (खेळवणाऱ्याचं कमिशन) पण कापला जातो, म्हणून नुसते पॉट ऑड्स (टाकायचे पैसे आणि पॉट यांचं प्रमाण) बघून राजा-तीन ऑफसूट (वेगवेगळ्या चिन्हांचे) घेऊन आत घुसू नका. एकाच रंगाचे (म्हणजे एकाच चिन्हाचे, जसे दोन्ही इस्पिक), लागून असलेले पत्ते, छोट्या जोड्या हे चालतात कारण त्यांना फ्लॉप लागला तर मोठा लागतो आणि नाही लागला तर सोडायला जड जात नाही. एक्का आणि फालतू किकर (सोबतचा दुसरा पत्ता), वेगवेगळ्या रंगाचे, हे दिसायला गोड आणि खेळायला कडू. स्मॉल ब्लाइंडमध्ये तर माझं स्पष्ट मत आहे की कॉल जवळपास विसरूनच जा, ३-बेट (त्याच्या रेझवर पुन्हा रेझ) नाहीतर फोल्ड, कारण तिथे ऑड्स पण वाईट आणि मागे बिग ब्लाइंड अजून बोलायचा बाकी. आणि आउट ऑफ पोझिशन ३-बेट करताना साइज मोठा ठेवा, पोझिशनमध्ये असताना समोरच्या रेझच्या तिप्पट पुरतो तर इथे चौपट किंवा थोडा जास्तच, म्हणजे त्याला स्वस्तात कॉल करून पुढे तुमच्या डोक्यावर बसता येणार नाही.

चेक हीच मुख्य खेळी

आता फ्लॉप. तुम्ही बिग ब्लाइंडमध्ये कॉल केलाय, समोरच्याने प्रीफ्लॉप रेझ केला होता, फ्लॉप पडला. बहुतेक सगळ्या बोर्डवर (टेबलावरच्या उघड्या पत्त्यांवर) तुमचं उत्तर एकच आहे, चेक. सेट (हातातल्या जोडीला जुळणारा तिसरा पत्ता) लागला तरी चेक, टॉप पेअर (बोर्डवरच्या सगळ्यात मोठ्या पत्त्याशी जोडी) तरी चेक, काहीच नाही तरी चेक. सॉल्व्हर (योग्य खेळी काढणारं सॉफ्टवेअर) पण हेच करतो, बहुतेक फ्लॉपवर जवळपास अख्खी रेंज (तुमच्याकडे असू शकणारे सगळे हात) चेक. कारण रेझ करणाऱ्याच्या रेंजमध्ये सगळ्या मोठ्या जोड्या आहेत आणि तुमच्याकडे त्या नाहीत, त्या असत्या तर तुम्ही ३-बेट केला असता ना. त्याची रेंज भारी, वर तो शेवटी बोलणार, मग तुम्ही बेट मारून नक्की काय साधणार?

लोकांना वाटतं चेक म्हणजे हत्यार टाकलं. तसं तेव्हाच होतं जेव्हा तुम्ही चांगला हात आला की बेट मारता आणि वाईट आला की चेक करता, मग समोरच्याला काही विचारच करावा लागत नाही, चेक दिसला की बेट मारायची आणि पॉट उचलायचा. चेकमध्ये भारी हात लपलेले असले की त्याला प्रत्येक सी-बेट (प्रीफ्लॉप रेझ करणाऱ्याने फ्लॉपवर मारलेली बेट) मारताना जरा भीती वाटते. आणि हो, चेक करताना वेळ सारखाच घ्या, सेट लागल्यावर तीन सेकंद थांबून "विचार करतोय" असं दाखवणं समोरचे ओळखतात, ऑनलाइन पण ओळखतात.

टॉप पेअर लागली म्हणून उठून डॉन्क बेट (रेझ करणाऱ्याने बोलायच्या आधीच स्वतः बेट) मारणं, "कुठे उभा आहे ते कळावं म्हणून", हे तर निव्वळ हात दाखवून अवलक्षण. त्याने रेझ केला तर तुम्हाला काय कळलं? काहीच नाही, तो ड्रॉ (पूर्ण व्हायला अजून एखादा पत्ता लागणारा हात) घेऊन पण रेझ करेल, आणि वाईट हात असेल तर फोल्ड करेल, म्हणजे ज्या हातांनी पुढे ब्लफ मारून तुम्हाला पैसे दिले असते तेच तुम्ही हाकलून दिलेत.

अपवाद आहे, नाही असं नाही. ७-६-५, ६-५-४ असे खालचे जोडलेले बोर्ड पडले की तुमच्या रेंजमध्ये स्ट्रेट (सलग पाच पत्ते), टू पेअर, छोटे सेट भरपूर असतात आणि अर्ली पोझिशनमधून रेझ करणाऱ्याकडे ते फारसे नसतात, त्याच्याकडे एक्का-राजा आणि ओव्हरपेअर (बोर्डपेक्षा मोठ्या जोड्या). अशा ठिकाणी पॉटच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी छोटी लीड (आपणच आधी मारलेली बेट) चालते. पण हे जमलं नाही तरी फार बिघडत नाही, नवीन असाल तर फ्लॉपवरची डॉन्क बेट सरळ बंद करून टाका, जितकं नुकसान होईल त्यापेक्षा डोक्याचा ताप जास्त वाचेल.

सी-बेट आली, आता?

पॉट ५.५ आहे आणि त्याने १.८ मारले, म्हणजे साधारण तिसरा हिस्सा. तुम्हाला लागते फक्त २० टक्के इक्विटी. अर्ध्या पॉटची बेट असेल तर २५, पूर्ण पॉट असेल तर ३३. हे तीन आकडे पाठच असले पाहिजेत. उलट्या बाजूने बघितलं तर तिसऱ्या हिश्श्याची बेट चारात एकदा जरी तुम्हाला फोल्ड करायला लावत असेल तर त्याचा कुठलाही कचरा हात बरोबरीत सुटतो, म्हणजे तुम्हाला ढोबळमानाने तीन चतुर्थांश रेंज घेऊन टिकायला हवं. प्रत्यक्षात आउट ऑफ पोझिशन थोडं जास्त फोल्ड केलेलं चालतं कारण त्याची रेंज मुळात भारी आहे, पण बहुतेक जण थोडं नाही, फारच जास्त फोल्ड करतात. लागला तर कॉल नाही लागला तर फोल्ड. दोन वेगळे पत्ते हातात असताना फ्लॉपवर जोडी किंवा बरं काही लागायचं प्रमाण साधारण तीनात एक, आता हिशोब करा की समोरचा तुम्हाला किती सहज लुटतोय.

मग छोट्या बेटला कॉल कशाने करायचा? कुठलीही जोडी, अगदी तळाची सुद्धा. कुठलाही खरा ड्रॉ. आणि त्यानंतरची जी थर आहे ती महत्त्वाची, दोन ओव्हरकार्ड (बोर्डपेक्षा मोठे पत्ते) आणि त्यांच्याबरोबर बॅकडोअर फ्लश (टर्न-रिव्हर दोन्ही लागले तर एकाच चिन्हाचे पाच पत्ते), किंवा गटशॉट (मधला एकच पत्ता लागणारा स्ट्रेटचा ड्रॉ) आणि एक ओव्हरकार्ड, असे हात ज्यांना टर्नला बरेच पत्ते चालतात. नुसता एक्का हाय (जोडी नाही, फक्त एक्का), बॅकडोअर काही नाही, कोरडा बोर्ड (ज्यावर ड्रॉ फारसे नाहीत), छोटी बेट, तरी बटनविरुद्ध कधी कधी कॉल होतो. पण बेट पॉटच्या पाऊण किंवा पूर्ण आली तर हे सगळं बासनात, तिथे चांगली जोडी किंवा सरळ ड्रॉ पाहिजे.

ड्रॉचा हिशोब पण इथे थोडा वेगळा धरा. फ्लश ड्रॉचे ९ आउट्स (हात पूर्ण करणारे पत्ते), फ्लॉपपासून रिव्हरपर्यंत ३५ टक्के, पण तो आकडा दोन्ही पत्ते बघायला मिळाले तर. आउट ऑफ पोझिशन दुसरा पत्ता फुकट मिळेलच असं नाही, एका पत्त्यावर तो १९ टक्केच आहे. ओपन एंडेड (दोन्ही टोकांना पत्ता चालणाऱ्या) स्ट्रेटचे ८ आउट्स म्हणजे एका पत्त्यावर १७. आणि तिसरा बदाम पडला की तुम्ही आधी बोलणार, चेक केलंत की तो पण घाबरून चेक करणार, म्हणजे लागल्यावर मिळणारे पैसे सुद्धा पोझिशनवाल्यापेक्षा कमी. म्हणून ड्रॉ नुसते कॉल-कॉल करत नेण्यापेक्षा त्यातले काही चेक-रेझमध्ये टाका.

चेक-रेझ

हे एकच हत्यार आहे ज्याने तुम्ही त्याच्या पोझिशनची थोडी तरी किंमत वसूल करता. आणि लोक ते फक्त सेट लागल्यावर वापरतात, मग समोरचा सरळ फोल्ड करतो आणि हे म्हणतात बघा भारी हाताला पैसेच मिळत नाहीत.

समजा फ्लॉप ८-६-३, दोन इस्पिक आणि तिर्री चौकटची. तुमच्या रेंजमध्ये ८-६, ६-३ एकाच रंगाचे, तीनही सेट आहेत, बटनकडे पण सेट आहेत पण टू पेअर कमी आणि न लागलेले मोठे पत्ते भरपूर. इथे चेक-रेझ जोरात करा. व्हॅल्यूसाठी सेट, टू पेअर, कधी कधी चांगल्या किकरची अठ्ठी. ब्लफसाठी चौकटचे ५-४ घ्या, सत्ती किंवा दुर्री आली की स्ट्रेट, वर बॅकडोअर फ्लश. त्याने १.८ मारले तर ७ पर्यंत न्या, ५.५ चा पॉट आणि त्याचे १.८ मिळून ७.३ जिंकायला तुम्ही ७ लावताय, म्हणजे हातात शून्य इक्विटी असती तर जवळपास निम्म्या वेळा फोल्ड लागला असता. पण तुमच्याकडे आठ आउट्स आहेत, त्यामुळे त्यापेक्षा बराच कमी फोल्ड पुरतो. मिनी-रेझ मात्र करू नका, १.८ चे ३.६ केलेत तर त्याला इतके भारी ऑड्स मिळतात की तो सगळं घेऊन कॉल करतो आणि टर्नला तुम्ही परत आधी बोलायला मोकळे.

आणि एक, चेक-रेझ ब्लफ केला आणि कॉल आला तर टर्नला दर वेळी हात वर करू नका. ड्रॉ वाढला किंवा त्याला भीती वाटेल असा पत्ता पडला तर पुन्हा मारा. कोरडा पत्ता पडला आणि समोरचा कधीच टॉप पेअर सोडत नाही असा असेल तर थांबा. एक्का-राजा-चार अशा बोर्डवर चेक-रेझचा मोह टाळा, तिथे भारी हात जवळपास सगळे त्याचेच.

टर्नला

दोन गोष्टी होतात. एक, फ्लॉपवर तुम्ही चेक केलं आणि त्याने पण चेक केलं. हे फार गोड ठिकाण आहे आणि लोक ते वाया घालवतात. चांगला हात असता तर तो बहुतेक वेळा बेट मारून बसला असता, म्हणजे आता त्याची रेंज वरून कापली गेलीय, मधलीच पेअर, एक्का हाय, असं काहीतरी. इथे टर्नला प्रोब बेट मारा, दोन तृतीयांश पॉट किंवा जास्त, तुमच्या टॉप पेअर, सेकंड पेअर आणि ड्रॉ सगळ्यांनी. दुसऱ्यांदा चेक करून "तो ब्लफ मारेल" अशी वाट बघत बसणं म्हणजे सेट घेऊन छोटा पॉट जिंकणं.

दुसरी, तुम्ही फ्लॉपला कॉल केला आणि टर्नला तो पुन्हा मारतोय. इथे फ्लॉपचे ढिले कॉल गळायला हवेत, त्यात लाजण्यासारखं काही नाही, एक्का हाय, तळाची जोडी, काही न मिळालेले बॅकडोअर, जाऊ द्या. पण सगळंच गळता कामा नये. फ्लॉपला कॉल आणि टर्नला फोल्ड हा ज्याचा पॅटर्न आहे त्याच्याविरुद्ध दोन बेट मारायला कुणालाही अक्कल लागत नाही. टर्नचा पत्ता तुमच्या बाजूचा असेल, म्हणजे बोर्डची मधली जोडी झाली किंवा खालचा स्ट्रेट पूर्ण झाला, तर कधी कधी आपणच लीड मारायची, छोटी. डॉन्क बेट खरी शोभते ती इथे.

एक हात पूर्ण बघू

पॉट ५.५, तुमच्याकडे किलवरचे ९-८. फ्लॉप राजा इस्पिक, नव्वी चौकट, चौकी बदाम. चेक, तो १.८ मारतो, कॉल, पॉट ९.१. टर्न तिर्री इस्पिक. चेक, तो ६ मारतो. लागतात २८ टक्के. त्याच्याकडे राजा असू शकतो, पण राणी-गुलाम, राणी-दहा, गुलाम-दहा, ६-५, इस्पिकचे सगळे ड्रॉ पण आहेत, आणि तुमच्याकडे इस्पिक नाही ही चांगली गोष्ट, म्हणजे त्याचे ते ड्रॉ शाबूत आहेत. कॉल. पॉट २१.१.

रिव्हर राणी चौकट पडली आणि त्याने १५ मारले. ऑड्सने २९ टक्के पुरतात, पण बघा काय झालंय, राणी-गुलाम आणि राणी-दहा आता तुमच्या पुढे, गुलाम-दहाचा तर स्ट्रेट झाला. ज्या ब्लफसाठी तुम्ही टर्नला कॉल केला होता त्यातले अर्धे आता ब्लफच राहिले नाहीत. फोल्ड, फार विचार नको.

त्याऐवजी रिव्हरला चौकी किलवर आली असती तर सगळे ड्रॉ हुकले, काहीच बदललं नाही, आणि तोच १५ चा बेट आता खूप वेळा हवेतला असतो. इथे कॉल. फक्त समोरचा जर तिसरी बेट कधी ब्लफ म्हणून मारतच नाही अशातला असेल, आणि लहान स्टेक्सवर असे बरेच असतात, तर सगळं गणित गुंडाळून फोल्ड करा. हातात नव्वी आहे, जोडी आहे, एवढ्यावर कॉल होत नाही, त्याच्या हातात हुकलेलं काय काय असू शकतं हे मोजून कॉल होतो.

रिव्हरची अजून एक छोटी युक्ती. मधला हात आहे, टर्न दोघांनी चेक केला, तुम्हाला मोठ्या बेटला सामोरं जायचं नाहीये. मग स्वतःच पॉटच्या पाव-तिसऱ्या हिश्श्याची ब्लॉक बेट टाका. वाईट जोड्या कॉल करतात, आणि ज्या हाताने तो पाऊण पॉट मारणार होता त्यातले बरेच नुसता कॉल करतात. पण कधी कधी याच साइजमध्ये भारी हात पण ठेवा, नाहीतर चलाख माणूस प्रत्येक ब्लॉक बेटवर रेझ मारायला सुरुवात करतो.

रेझ तुमचा, पण पोझिशन त्याची

तुम्ही पहिल्या जागेवरून रेझ केला, बटनने कॉल. इथे बिग ब्लाइंडविरुद्ध जशी डोळे मिटून सी-बेट मारता तशी मारू नका. बटनच्या कॉलिंग रेंजमध्ये मधल्या जोड्या आणि एकाच रंगाचे जोडलेले पत्ते दाटून भरलेले असतात, ९-८-७ बोर्डवर एक्का-राजा घेऊन बेट मारणं म्हणजे पैसे फेकणं. अशा बोर्डवर ओव्हरपेअर सकट बरंच काही चेक करा. कोरडा एक्का-आठ-दोन पडला तर छोटी बेट चालते.

३-बेट पॉटमध्ये मात्र आउट ऑफ पोझिशनचा त्रास बराच कमी होतो, आणि त्याचं कारण स्टॅक (समोर उरलेले पैसे). १०० ब्लाइंडने सुरुवात केली असेल तर साध्या पॉटमध्ये ५.५ च्या मागे ९७.५ उरलेले असतात, म्हणजे जवळपास १८ पट, तीन स्ट्रीट तो तुम्हाला छळू शकतो. ११ चा ३-बेट करून कॉल आला तर पॉट २२.५ आणि मागे ८९, फक्त चारपट. हातात राण्यांची जोडी, बोर्ड दहा-सहा-दोन. ७.५ मारा, कॉल आला तर पॉट ३७.५, टर्नला २५, पॉट ८७.५, आणि रिव्हरला उरलेले ५६.५ आत. तीन बेट आणि स्टॅक संपला, त्याच्या पोझिशनला करायला फारसं काही उरतच नाही. म्हणून ज्या टेबलावर डावीकडे कोणी त्रासदायक माणूस बसलाय तिथे कॉल कमी करून ३-बेट थोडे वाढवा.

तिघं-चौघं पॉटमध्ये असतील तर वरचं बरंचसं विसरा. तिथे ब्लफ चेक-रेझ जवळपास बंद, तळाच्या जोडीने कॉल बंद, कारण बेट मारणाऱ्याच्या मागे अजून कोणी बोलायचा असतो आणि तीन चतुर्थांश रेंज टिकवायची जबाबदारी आता एकट्या तुमची नाही, सगळ्यांत वाटली गेलीय. टॉप पेअर लागली आणि दोघांच्या मध्ये अडकलात, एकाने बेट मारली दुसऱ्याने रेझ केला, तर किकर कितीही सुंदर असला तरी बहुतेक वेळा सोडून द्या.